कच्चे कोटेशन, पक्का शब्द

कोटेशन मागणारा माणूस घाईत असतो आणि देणारा माणूस कामात असतो. मंडपवाला, केटरर, पडदे शिवून देणारी बाई, फर्निचरचा कारखानदार, रंगकामाचा कंत्राटदार, सगळ्यांची हीच गत. दिवसभर कारागीर, माल आणि वसुली यांच्या मागे धावायचे आणि रात्री जेवणे आटोपल्यावर डोळे चोळत दरपत्रके लिहायला बसायचे. पुष्कळ घरांत हे काम सुनेकडे किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे येते, कारण घरातला संगणक तिलाच बरा हाताळता येतो. दोन दिवस उशीर झाला की गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. घाईघाईत लिहिले तर चूक राहते, आणि ती चूक बहुधा आपल्याच अंगाशी येते.

या कामाला आता एक नवा मदतनीस मिळू लागला आहे. त्याला एआय एजंट म्हणतात. एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा हप्ता न्यायला येणारे गृहस्थ आठवतात. हा तसा नव्हे, आणि चहाही घेत नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम आता घरोघरी ठाऊक झाले आहेत. एजंट त्यांच्या एक पाऊल पुढे जातो. तो नुसता सांगत नाही, करतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून गिऱ्हाईकाचे खाते शोधतो, मालाचा दर काढतो, कर लावतो आणि कोटेशन तयार करून ठेवतो. सांगितले तर गिऱ्हाईकाला पाठवूनही देतो.

शेवटच्या वाक्यापाशी मात्र थांबायला हवे. कोटेशन लिहिणे हे कारकुनी काम आहे. ते पाठवणे म्हणजे दुकानाने शब्द देणे आहे. पहिले काम यंत्राकडे खुशाल द्यावे, दुसरे आपल्याकडेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, आणि सॉफ्टवेअरमध्ये तशी व्यवस्था कशी करता येते, हे या वेळी पाहू.

हत्यारांची पेटी

एजंटला हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जे काही करता येते ते त्याला दिलेल्या 'टूल्स'मुळे. सुताराच्या पेटीत जसे पटाशी, रंधा, करवत असे वेगवेगळ्या कामाचे वेगवेगळे हत्यार असते, तशीच ही पेटी. एक टूल गिऱ्हाईक शोधते, दुसरे मालाची यादी वाचते, तिसरे कोटेशन तयार करते, चौथे ईमेल पाठवते. पेटीत जे नाही ते एजंटला करता येत नाही. त्यामुळे कोणते हत्यार पेटीत ठेवायचे आणि कोणते बाहेर, हा मालकाच्या हातातला निर्णय आहे. तो मालकानेच घ्यावा. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या पोऱ्यावर सोडू नये.

पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी ही जोडणी निराळी करावी लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. सगळ्या कंपन्यांचे प्लग एकाच सॉकेटात बसावेत, तसा हा प्रकार. त्यानंतर हिशेबाची सॉफ्टवेअर बनवणारे लोक आपापली टूल्स या पद्धतीने देऊ लागले. न्यूझीलंडच्या झीरो या कंपनीने २०२५ मध्ये खुल्या केलेल्या पेटीत कोटेशन तयार करण्याचे एक स्वतंत्र टूल आहे. आपल्याकडे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर खुल्या परवान्याचे आहे. त्यात 'कोटेशन' नावाचा स्वतंत्र दस्तऐवजच असतो आणि बाहेरच्या प्रोग्रॅमला तो तयार करता येतो. पुढचे बरेचसे उदाहरण त्यावरच बेतले आहे, कारण त्यातली एक सोय आपल्या मुद्द्याला नेमकी लागू पडते.

बडोद्याहून मुंबईला

समजा, बडोद्याला एका मराठी कुटुंबाचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. मुंबईच्या एका हॉटेलकडून विचारणा आली: संपूर्ण वेताच्या बारा खुर्च्या आणि दोन सागवानी टेबले. मालकांनी कारखान्यातूनच मोबाइलवर बोलून टाकले, "खुर्चीला पावणेतीन आणि टेबलाला साडेअठरा लाव, पंधरा दिवसांची मुदत दे."

एजंट आधी गिऱ्हाईक शोधतो. मग मालाच्या यादीत वेताची खुर्ची आणि सागवानी टेबल यांचे कोड पाहतो. मग गिऱ्हाईक, तारीख, मुदत, आणि प्रत्येक ओळीला मालाचा कोड, नग, दर आणि कर एवढी माहिती भरून कोटेशनचे टूल चालवतो. सॉफ्टवेअर बेरीज करते, कोटेशनला क्रमांक देते आणि तो क्रमांक एजंटला परत कळवते. एजंट मालकांना सांगतो, कोटेशन तयार आहे. या साऱ्याला एखादे मिनिटही लागत नाही.

आता हिशेब पाहा. बारा खुर्च्यांचे, प्रत्येकी २,७५० प्रमाणे, ३३,००० रुपये झाले. दोन टेबलांचे, प्रत्येकी १८,५०० प्रमाणे, ३७,००० रुपये. एकूण ७०,०००. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा संपूर्णपणे वेताच्या किंवा बांबूच्या फर्निचरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला; लाकडी फर्निचरवर तो १८ टक्केच राहिला. म्हणजे खुर्च्यांवर १,६५० आणि टेबलांवर ६,६६० मिळून कर ८,३१० रुपये. कोटेशनची रक्कम ७८,३१०.

माल गुजरातमधून महाराष्ट्रात जाणार, म्हणून हा कर आयजीएसटी या एकाच नावाने लागेल. हेच हॉटेल सुरतेला असते तर तेवढाच कर केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा दाखवावा लागला असता. गिऱ्हाईकाच्या पंधरा आकडी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. गुजरातचे २४, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. एजंट हे बरोबर वाचतो. तरी हॉटेलचे ऑफिस मुंबईत आणि माल उतरवायचा दमणला, असा प्रकार असेल तर नुसत्या क्रमांकावर विसंबून चालत नाही. मग तुमच्या कर सल्लागारालाच विचारलेले बरे.

नफा कुठे गळतो

वरचे कोटेशन बरोबर आहे. ते चुकीचे होण्याच्या वाटा मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच वाटांवर यंत्राला आपण चुकलो हे कळतसुद्धा नाही.

सगळ्यांत महाग चूक एका खुणेची असते. दर करासह आहे की करावेगळा, एवढेच सांगणारी ती खूण. ती चुकून 'करासह' पडली तर कोटेशन ७०,००० रुपयांचेच निघेल. गिऱ्हाईक आनंदाने होकार देईल. पण त्या सत्तर हजारांतूनच सरकारचा कर काढून द्यावा लागेल: खुर्च्यांचे सुमारे १,५७१ आणि टेबलांचे ५,६४४, मिळून ७,२१५ रुपये. मालकांनी शेकडा दहा नफा धरला असेल तर तो होता सात हजार. तो सगळा गेला आणि वर खिशातले दोनशे गेले. कारागिरांची मजुरी आणि लाकडाचे पैसे द्यावे लागणारच.

उलट सगळ्याच मालावर १८ टक्के लावले असते तर कोटेशन ८२,६०० चे झाले असते, म्हणजे ४,२९० रुपये जास्त. यात पैसे बुडत नाहीत, गिऱ्हाईक जाते. ते का गेले हेही कळत नाही, कारण महाग वाटलेले कोटेशन परत पाठवून कोणी त्यातल्या चुका सांगत बसत नाही.

मग आपली भाषा. "पावणेतीन" म्हणजे २,७५० हे बडोद्याच्या मालकांना आणि त्यांच्या मुनीमजींना सांगावे लागत नाही. आजचे एजंट मराठी चांगले समजतात, पण 'हजार' हा शब्द गाळून टाकलेले पावणेतीन, साडेअठरा, दीड, अडीच यांचा अर्थ संदर्भावरून लावायचा असतो, आणि संदर्भ दुकानात असतो, यंत्रात नसतो. 'परवा' या शब्दाची तर गंमतच आहे. "परवाच्या दराने दे" म्हटले तर तो परवा होऊन गेलेला की येणारा? घरातल्या माणसाला आवाजावरून कळते. बांधकामाचे सामान विकणाऱ्यांनी 'ब्रास' जपून वापरावा. वाळू आणि खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर फरशी किंवा गिलाव्याच्या कामात त्याच नावाने १०० चौरस फूट मोजतात. माणूस माल पाहून समजतो. यंत्र यादीत जे लिहिले असेल ते उचलते. तेव्हा तोंडी काय हवे ते बोला, पण मालाच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे मोजमाप स्वच्छ लिहून ठेवा आणि दर आकड्यात सांगा.

खात्यांतल्या नावांचा गोंधळ हा जुनाच आजार. खतावणीत 'पाटील' नावाची तीन खाती असली तर एजंट त्यातले एक निवडतो. जुने गिऱ्हाईक म्हणून एकाला दिलेला खास दर दुसऱ्याच्या कोटेशनवर जाऊन बसला, तर धंद्यातली गुपिते गावभर होतात. चांगला एजंट अशा वेळी विचारतो, "यातले कोणते पाटील?" तो विचारील असे त्याला आधीच बजावून ठेवावे लागते. नेट मध्येच बंद पडले म्हणून त्याने तेच काम पुन्हा केले आणि एकाच विचारणेची दोन कोटेशने दोन क्रमांकांनी तयार झाली, असेही घडते. त्यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक विचारणेला आपला एक क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाचे कोटेशन आधीच आहे का हे पाहिल्याशिवाय नवे करू नये, असे एजंटला सांगावे.

बेरीज-गुणाकार एजंटला स्वतः करू देऊ नये. हे प्रोग्रॅम शब्दांत पटाईत असले तरी आकडेमोडीत अधूनमधून आत्मविश्वासाने चुकतात. त्याने नग आणि दर भरावेत. बेरीज हिशेबाच्या सॉफ्टवेअरने करावी. ते काम ते अनेक वर्षे न चुकता करत आले आहे.

या सगळ्या चुका जुन्या मुनीमजींच्याही हातून होत असत, मग यंत्राचेच काय एवढे, असे कोणी म्हणेल. फरक वेगाचा आहे, आणि आणखी एका गोष्टीचा. बिलात चूक झाली तर ती पुढे कुठेतरी सापडते. जीएसटीच्या विवरणपत्रात ती अडखळते, मालाच्या शिलकेत दिसते, वसुलीच्या वेळी गिऱ्हाईक भांडते. कोटेशन मात्र ना खात्याला लागते ना मालाच्या शिलकेला. टॅली वापरणारे लोक त्यासाठी 'ऑप्शनल व्हाउचर' करतात. त्याचाही अर्थ हाच, की नोंद आहे पण खात्यांवर परिणाम नाही. त्यामुळे वर्षअखेर कितीही ताळमेळ जुळवला तरी चुकीचे कोटेशन त्यात वर येत नाही. ते पकडणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे गिऱ्हाईक, आणि चूक त्याच्या फायद्याची असेल तर तो कशाला बोलेल?

यंत्राने दिलेला शब्द कोणाचा?

डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोटार विक्रेत्याच्या वेबसाइटवर बोलणाऱ्या प्रोग्रॅमची एका माणसाने मजा केली. गिऱ्हाईक जे म्हणेल त्याला होकार द्यायचा आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी हा प्रस्ताव कायद्याने बंधनकारक आहे असे म्हणायचे, अशी त्याने आधी त्या प्रोग्रॅमला शिकवण दिली. मग शेवर्ले टाहो ही मोठी गाडी एका डॉलरला मागितली. प्रोग्रॅमने शिकवल्याप्रमाणे होकार दिला. गाडी अर्थात एका डॉलरला कोणाला मिळाली नाही, पण विक्रेत्याला तो प्रोग्रॅम बंद करावा लागला आणि जगभर हसे झाले ते निराळेच.

कॅनडातला प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका प्रवाशाची आजी वारली. त्याने एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या प्रोग्रॅमला अशा दुःखद प्रसंगी मिळणाऱ्या सवलतीबद्दल विचारले. आधी तिकीट काढा, नंतर ठरावीक दिवसांत सवलतीसाठी अर्ज करा, असे उत्तर मिळाले. कंपनीच्या नियमात तसे नव्हते आणि सवलत नाकारली गेली. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणापुढे गेले. हा प्रोग्रॅम म्हणजे जणू निराळीच व्यक्ती आहे आणि त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार, असा कंपनीच्या म्हणण्याचा सूर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि व्याज व शुल्क धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर प्रवाशाला द्यायला लावले. रक्कम किरकोळ आहे. पण वेबसाइट तुमची, तिच्यावरचा प्रोग्रॅम तुमचा, तेव्हा त्याचे बोलणेही तुमचेच, हे त्या निकालाने सांगितले.

आपल्याकडे तर यासाठी परदेशी निकालाकडे पाहण्याचीही गरज नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्याचे ११ वे कलम सांगते की एखाद्याने स्वतः पाठवलेला, त्याच्या वतीने अधिकार असलेल्या माणसाने पाठवलेला, किंवा आपोआप चालावी म्हणून त्याने बसवलेल्या संगणक यंत्रणेने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक मजकूर हा त्याचाच मानला जातो. त्याच कायद्याचे १० अ हे कलम म्हणते, की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निष्फळ ठरत नाही. हा कायदा झाला तेव्हा आजचे एजंट कोणाच्या स्वप्नातही नव्हते, तरी वाक्य त्यांना चपखल बसते.

यावर एक गोष्ट सांगायला हवी. नुसता भाव सांगितला म्हणजे करार झाला असे होत नाही. दुकानात लावलेली किमतीची पाटी ही गिऱ्हाईकाला दिलेली बोलावणी असते. पण गिऱ्हाईकाचे नाव, माल, नग, दर, अटी आणि मुदत असलेले कोटेशन हा १८७२ च्या करार कायद्यातला 'प्रस्ताव' ठरू शकतो, आणि गिऱ्हाईकाने होकार कळवला की विक्रेता बांधला जातो. कोर्ट त्यातले शब्द पाहते. म्हणून कोटेशनखालच्या दोन ओळी फार महत्त्वाच्या. "आम्ही ऑर्डर लेखी स्वीकारल्यानंतरच व्यवहार पक्का" ही एक. दुसरी, "माल पाठवताना लागू असेल तो कर आकारला जाईल." २०२५ च्या सप्टेंबरात दर बदलले त्या सुमारास ज्यांची करासह रकमेची कोटेशने बाहेर होती, त्यांना या दुसऱ्या ओळीची किंमत कळली असेल. या ओळी एजंटला दर वेळी लिहायला सांगू नयेत. सॉफ्टवेअरच्या छापील नमुन्यातच कायमच्या घालून ठेवाव्यात, म्हणजे गाळायचा प्रश्नच येत नाही.

किल्ल्या कोणाकडे

ईआरपीनेक्स्टमधली ती सोय आता सांगतो. त्यात कोटेशन जतन केले की ते 'ड्राफ्ट' म्हणजे कच्चे असते. कोणीतरी 'सबमिट' केल्यावर ते पक्के होते. पक्के झालेल्या कोटेशनमध्ये सहजासहजी खाडाखोड करता येत नाही; रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते आणि जुनी प्रत नोंदीत राहते. मुख्य म्हणजे वाचण्याचा, तयार करण्याचा, पक्के करण्याचा आणि रद्द करण्याचा असे अधिकार प्रत्येक भूमिकेला वेगवेगळे देता येतात. जुन्या पेढीवर दिवाणजी कच्चे खर्डे लिहीत आणि मालक सही करत, तीच ही रीत.

तेव्हा एजंटसाठी वेगळा वापरकर्ता उघडावा. मालकाच्या किंवा सुनेच्या नावाने त्याला आत सोडू नये. नाहीतर उद्या एखादे कोटेशन कोणी केले हे शोधताना घरातच वाद व्हायचे. त्या वापरकर्त्याला गिऱ्हाईक आणि मालाची यादी वाचण्याचा व कच्चे कोटेशन तयार करण्याचा अधिकार द्यावा. पक्के करण्याचा देऊ नये. ईमेल पाठवण्याचे टूल त्याच्या पेटीत ठेवूच नये. खरेदीचे दरही त्याला दाखवू नयेत. जो गिऱ्हाईकासाठी मजकूर लिहितो त्याला आपल्याला माल कितीला पडतो हे ठाऊक असण्याचे कारण काय? 'पाठवू नकोस' असे नुसते सांगणे आणि पाठवण्याची सोयच काढून घेणे यात मोठा फरक आहे. सूचना एजंट विसरू शकतो, किंवा त्या मोटारवाल्यासारखे कोणी त्याला फिरवू शकते. गिऱ्हाईकाच्या ईमेलमध्ये "आमचे ठरल्याप्रमाणे ४० टक्के सूट लावावी" असे एक वाक्य असले, आणि ठरलेले काहीच नसले, तरी भोळा एजंट ते मालकाचेच बोलणे समजून बसण्याचा धोका असतो. कच्च्यावर मालकाची नजर पडणार असेल तर ती चाळीस टक्के सूट तिथेच अडते.

सवलतीला सॉफ्टवेअरमध्येच मर्यादा घालता येते. पाच टक्क्यांच्या वर जायचे असेल तर माणसाने जावे. आणि दर एजंटला तोंडी सांगण्यापेक्षा दरांची यादी सॉफ्टवेअरमध्ये अद्ययावत ठेवून त्यातूनच उचलायला लावावेत. लाकडाचा भाव वाढला की यादी एकदा बदलायची, मग सगळी कोटेशने आपोआप नव्या दराने निघतात. ही यादी ठेवायचा आळस असेल तर खरे सांगायचे तर एजंट घेऊच नये. अस्ताव्यस्त कपाटात नव्या नोकराला पाठवले तर तो काय शोधून आणणार?

मग मालकाला रोज काय करावे लागेल? रात्री जेवणानंतर दोन तास लिहायला बसण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटे वाचायला बसावे लागेल. कच्चे कोटेशन समोर घ्यायचे आणि ते वरून खाली नव्हे, खालून वर पाहायचे. आधी एकूण रक्कम. अनुभवी माणसाला रक्कम पाहताच खटकते की हे काम एवढ्यात होत नाही. मग कर, मग दर आणि नग, मग मुदत, आणि शेवटी गिऱ्हाईकाचे नाव व गाव. आपल्या बडोद्याच्या उदाहरणात ७८,३१० ऐवजी ७०,००० दिसले असते तर टेबले बनवणाऱ्या माणसाला क्षणात कळले असते. यंत्राला ते कळत नाही, कारण त्याने टेबल बनवलेले नसते. सुनेने तयार केलेले कोटेशन सासऱ्यांनी पाहावे असे नाही. उलट पुष्कळ घरांत तिलाच दर जास्त ठाऊक असतात. ज्याला कामाचा खरा अंदाज आहे त्याच्याकडे पक्के करण्याची किल्ली असावी, मग तो घरातला कोणीही असो.

पहिला महिना दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवून पाहाव्यात. एजंटची कच्ची कोटेशने आणि तुम्ही केलेल्या दुरुस्त्या एका वहीत टिपून ठेवा. त्याच त्या चुका दिसू लागल्या की दोष बहुधा आपल्या यादीत सापडतो: मोजमाप लिहिलेले नाही, दोन खाती एकाच माणसाची आहेत, कराचा दर जुनाच राहिला आहे.

एवढे करूनही चुकीचे कोटेशन एखादे दिवशी बाहेर जाईलच. तसे लक्षात आले तर ते सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप बदलून गिऱ्हाईकाला दुसरी प्रत पाठवू नये. त्याच्याकडे पहिली असते. करार कायद्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे समोरच्याने होकार कळवण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, आणि मुदत खुली ठेवण्यासाठी वेगळे पैसे घेतलेले नसतील तर 'पंधरा दिवस' लिहिलेले असले तरी घेता येतो. म्हणून आधी फोन, लगेच पाठोपाठ लेखी पत्र, त्यात जुन्या कोटेशनचा क्रमांक व तारीख आणि ते मागे घेतल्याचे स्वच्छ वाक्य, मग नव्या क्रमांकाचे कोटेशन. होकार आधीच येऊन गेला असेल तर दोन वाटा उरतात. हॉटेलवाल्यांना भेटून मोकळेपणाने चूक सांगायची, आणि त्यांनी ऐकले नाही तर वकिलाचा सल्ला घ्यायचा, नाहीतर त्या बारा खुर्च्या ठरल्या भावाने वेळेवर पोचवायच्या.